टाकीकडचा बीकर

"या बाईंच्या थेंबाला मुहूर्त लागते का जी? सकाळपासून नुसतं टप... टप. मी काहून थांबून राहिली, मलाच समजत नाही."

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. डॉ. अश्लेषा वानखडे प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे वाकून बुटांवर कापडी खोळी चढवत होत्या आणि आपल्याशीच पुटपुटत होत्या. पडदा माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर. अलीकडे मी काचेच्या नळ्यांसमोर बसून थेंब मोजत होते. एका श्वासाला दोन थेंब. त्याहून भराभर पडले तर नळीतल्या राळेला जे धरायचं ते धरायला सवड मिळत नाही. हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पुस्तक इंग्रजीत होतं. थेंब वाया घालवून घालवून कळलं होतं.

मी श्वास आणखी सावकाश घ्यायला लागले आणि नळीची तोटी तेवढीच आवळली.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. अजून दर डिसेंबरात अमरावतीहून संत्र्यांची पेटी येते. पेटीचे खिळे काढताना मला तो सोमवार आठवतो.

आमची प्रयोगशाळा अणुवीज केंद्राच्या कुंपणाबाहेर, खाडीच्या काठावर. केंद्रासाठी आमच्या जमिनी गेल्या तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली. भाऊ बोटीवर असायचा. माझा नवरा मुंबईला कामाला गेला तो तिथलाच होऊन गेला होता. म्हणून नोकरीवर मी लागले. दहावी नापास, काम बाटल्या धुण्याचं. बाटल्या धुता धुता बघत गेले, बघता बघता हात घालत गेले, आणि कधीतरी कुणाच्या लक्षातही न येता नळ्यांसमोरचं स्टूल माझं झालं.

काम सांगायचं तर असं. खाडीतला गाळ, मासे, शिंपल्यांतल्या तिसऱ्या आणायच्या, वाळवायच्या, जाळायच्या आणि राखेत प्लुटोनियम शोधायचं. राख आम्लात विरघळवायची, नळीतून थेंबाथेंबानं सोडायची आणि शेवटी चमचाभर पाणी उरतं ते यंत्राला पाजायचं. यंत्र ते पाणी सूर्याच्या अंगाहून तापलेल्या ज्योतीत फवारतं आणि सुट्या झालेल्या अणूंचं एकेक करून वजन करतं.

आमच्या प्रमुखांनी, रेगेसाहेबांनी, मला ते पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हणाले होते, "शालनबाई, माणसाचं कूळ विचारू नये, पण अणूचं विचारावं. प्लुटोनियम थोडंथोडं जगात सगळीकडेच आहे. बॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यांची धूळ साऱ्या पृथ्वीवर बसली. त्या धुळीत हलके अणू शंभर असले तर जड अठरा. आणि केंद्राच्या सांडपाण्याच्या टाकीत शंभरामागे चाळीसच्या वर. खाडीच्या नमुन्यात अठरा आले तर ते जगाचं पाप. चाळिसाकडे सरकले तर आपलं."

चौदा वर्षं अठराच येत होते. यंत्रासमोर दोन स्टुलं होती. एकावर साहेब, दुसऱ्यावर मी. पडद्यावर टोकं उमटायला लागली की साहेब विचारायचे, "किती म्हणता?" मी म्हणायचे, "अठरा." ते म्हणायचे, "साडेसतरा. शालनबाई, खिशातून अर्धा गेला तुमच्या." कुणी पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "आमच्या बाईंच्या हातून एक अणू निसटत नाही." अहवालावर माझं नाव कधी नसायचं. तिथे डॉक्टर मंडळींची नावं. पण दुसरं स्टूल माझं होतं.

जूनमध्ये अश्लेषा मॅडम आल्या. अमरावतीच्या, वय अठ्ठावीस, पीएच.डी., उन्हात रापलेला रंग, हसल्या की दात आधी दिसायचे. आठवड्याभरात त्या दुसऱ्या स्टुलावर बसायला लागल्या. मी दारात उभी राहायला लागले, हातात ट्रे घेऊन, जसा चहा देणारा उभा राहतो. साहेब विचारायचे, "किती म्हणतेस?" आणि ती म्हणायची, "सर, असं अंदाजानं कसं सांगू? येऊ द्या ना आकडा." साहेबांना त्याचंही कौतुक. "बघा, ही खरी शास्त्रज्ञ!"

मी ट्रे ठेवून निघून यायचे.

मग आल्या टेपा.

प्रयोगशाळेत दोन खोल्या होत्या. एक आमची, खाडीची. दुसरी टाकीची, तिथे केंद्राच्या सांडपाण्याचे नमुने तपासत. एका खोलीचं भांडं दुसरीत जायचं नाही हा पहिला नियम, कारण कितीही धुतली तरी काच प्लुटोनियमचा कण कुठेतरी धरून राहते. टाकीच्या पाण्यात त्या कणाला कोण विचारतो? पण खाडीच्या नमुन्यात तो डोंगर होतो. म्हणून मी प्रत्येक बीकरच्या तळाला, बाहेरून, बारीक अक्षर कोरायचे. खाडीच्या बीकरला ख, टाकीच्या बीकरला ट, आणि पुढे आकडा. कोरायची हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल साहेबांनीच दिली होती, तिसऱ्या वर्षी, रुमालात गुंडाळून. ती सतत माझ्या एप्रनच्या खिशात.

अश्लेषा मॅडमनी एक बीकर उलटा करून बघितला. "बाई, हे ओरखडे कशाला? ओरखड्यात घाण बसते. आपण टेपा लावू. आपल्याला हिरवी, टाकीला लाल. लांबून पण दिसते." मग भिंतीवर छापील तक्ता लागला, हिरवा-लाल, आठ कलमी.

"चांगलं आहे," साहेब म्हणाले. "काय शालनबाई?"

"चांगलंच आहे," मी म्हटलं. तळाच्या अक्षरांचा अर्थ तिनं विचारला नाही, मी सांगितला नाही. तिला वाटलं असेल, नुसते क्रमांक आहेत.

तर तो सोमवार. फेब्रुवारीचा शेवट, तिसऱ्या भरलेल्या असतात तो हंगाम. तिसऱ्यांचा नमुना चंपावहिनीकडून यायचा. ती माझी भावजय, आम्ही एकाच घरात. ओहोटीला बायका खाडीच्या गाळात उतरतात, त्यांची ती पुढारी. पिशवी देताना तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "घे, सरकारला कालवण करून घाल. कोकम विसरू नको."

टाकीच्या खोलीचा ओव्हन त्या आठवड्यात बिघडला होता, म्हणून त्यांचे धुतलेले बीकर आमच्या ओव्हनच्या वरच्या कप्प्यात सुकत होते. आमचे खालच्या. टेपा उष्णतेनं कुरकुरीत होऊन सुटायच्या, हे मी पंधरा दिवस बघत होते. तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. तक्त्यात तसं कलम नव्हतं.

पडद्यापलीकडचं ते पुटपुटणं मी ऐकलं, त्यानंतर पाच मिनिटांत मॅडम आत आल्या. चेहऱ्यावर हसू, जणू काही बोललोच नाही. "होत आलं का हो, बाई?"

"थेंब आहेत, मॅडम. धावत नाहीत."

"मॅडम नका म्हणू. किती वेळा सांगू?" त्यांनी ओव्हन उघडला. दोन बीकर काढून टेबलावर ठेवले. एकाला हिरवी टेप. दुसऱ्याला काहीच नाही. तो हातात घेऊन त्या माझ्याजवळ आल्या. "बाई, हा आपलाच आहे ना? टेप नाही याला."

बीकर माझ्या डोळ्यांसमोर होता, वीतभर अंतरावर, तळ माझ्याकडे. ट सात. ते अक्षर मी चार वर्षांपूर्वी कोरलेलं, टचं पोट जरा वाकडं झालं होतं.

मी थेंबांकडे बघत म्हटलं, "मला काय विचारता? तक्ता लावलाय ना भिंतीवर."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खालच्या कप्प्यातूनच काढला वाटतं मी." आणि नळीखाली ठेवला.

मी काय विचार केला ते खरं सांगते. मला वाटलं, एक नमुना वाया जाईल. आकडा वेडावाकडा येईल, साहेबांसमोर दुसऱ्या स्टुलावर बसून ती गोंधळेल, आणि साहेब मान वळवून दाराकडे बघतील. एवढंच हवं होतं मला, दाराकडे वळलेली मान. त्या नळीत कुठली राख आहे ते मला ठाऊक होतं आणि तरी त्या घडीला ते माझ्या ध्यानात नव्हतं. तिसऱ्यांची होती.

मंगळवारी सकाळी अकराला यंत्रानं आकडा दिला. मी दारात होते.

"अडतीस," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आणि एकूण नेहमीच्या दहापट. परत पाज."

परत पाजलं. अडतीस. यंत्र धुऊन तिसऱ्यांदा. अडतीस. कोऱ्या पाण्याचा नमुनाही सोबत केलेला असतो, तो स्वच्छ होता. तो हिरव्या टेपेच्या बीकरात होता ना.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मान वळवली नाही. दाराकडे तर नाहीच.

"आज फोन नको करू या," ते म्हणाले. "दोन दिवस बघू."

"नाही सर." अश्लेषा उभी राहिली. "नियम आहे. त्याच दिवशी कळवायचं. कोणी तरी ते खाऊन राहिलं असेल ना! चुकला असेल आकडा तर माझ्या तोंडाला काळं लागू द्या. पण खरा असेल आणि आपण बसून राहिलो तर?"

"अश्लेषा, तुझं प्रोबेशन संपायला तीन महिने आहेत. पहिलाच मोठा आकडा, आणि तो चुकीचा निघाला तर..."

"माहीत आहे सर. द्या फोन."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं: "सर, राख उरली आहे. पुन्हा करून बघू. मी करते."

"करा," साहेब म्हणाले. "किती दिवस?"

"तीन."

अश्लेषा माझ्याकडे वळली. "थँक्यू, बाई." तिचे डोळे भरले होते.

दुपारी दोनला धक्क्यावर कागद लागला. पुढील सूचना मिळेपर्यंत खाडीतल्या तिसऱ्या काढू नयेत, विकू नयेत, खाऊ नयेत.

संध्याकाळी घरी गेले तर वहिनी ओट्यावर बसलेली. गाळात उतरायची तिची जुनी साडी धुऊन दोरीवर टाकलेली, टोपली पालथी. शेजारी तिची सून मंदा, सातवा महिना लागलेला, पाय पसरून बसली होती आणि पोटावर हात होता.

"काय गं शालन, तुज्या मशिनीला काय दिसलं?"

"काही नक्की नाही, वहिनी. पुन्हा तपासतोय."

"नक्की नाय तर कागद कशाला लावला?"

"नियम असतो."

"नियमाला घाल चुलीत. मला एवढंच सांग. हिनं गेला महिनाभर रोज खाल्ल्यात तिसऱ्या. मीच घातल्या. म्हटलं, अंगाला लागतात. हिला काय होईल?"

"काही होणार नाही."

"तू सरकारी बोलतेस का घरची बोलतेस?"

"घरची."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. वहिनी गाळावर बोटाएवढं भोक बघून सांगते, खाली तिसरी आहे की रिकामा शिंपला. "घरची बोलतेस तर तोंड का लपवतेस?"

मी पाणी प्यायला आत गेले. मागून मंदा म्हणाली, "आत्याबाई, सकाळपासून बाळ हललं नाय हो." वहिनी तिच्यावर ओरडली, "सकाळी हललं होतं, मी बघितलंय, गप बस!" पण ओरडताना तिचा आवाज चिरकला.

मंदाच्या पोटात भीती होती, दुसरं काही नाही. ते मला ठाऊक होतं. जगात हे नक्की ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि मी माठापाशी उभी राहून पेल्यामागून पेला पाणी पीत होते.

बुधवार, गुरुवार मी नळ्यांसमोरून हलले नाही. प्रत्येक बीकर उलटा करून अक्षर बघितलं. ख, ख, ख. एका श्वासाला दोन थेंब म्हणायचे, पण श्वासच ठिकाणावर नव्हता, म्हणून भिंतीवरच्या घड्याळावर मोजले. अश्लेषा मधूनमधून यायची, मागे उभी राहायची. एकदा तिनं डब्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यासमोर ठेवला. "खाऊन घ्या. मी बघते थेंब."

"तुम्हाला कंटाळा येईल."

ती कानापर्यंत लाल झाली. "तुम्ही ऐकलं होतं वाटते सोमवारी." मग म्हणाली, "माझी जीभ अशीच आहे, बाई. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही आणि लगामही नाही. स्वतःलाच बोलून राहिली होती मी. तुमच्यासारखं बसता येत नाही ना मला. चार महिने झाले, घरी जाऊन नळाखाली सराव करते. नळाचे सुद्धा थेंब नीट पडत नाहीत माझे."

ठेचा फार तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच्या नावावर खपलं.

शुक्रवारी दुपारी यंत्रासमोर आम्ही तिघं. मी नेहमीसारखी दारात. अश्लेषा एकदम स्टुलावरून उठली. "बाई, तुम्ही बसा. तुमचा नमुना आहे."

"नको."

"बसा हो."

आठ महिन्यांनी मी त्या स्टुलावर बसले. बसायला किती झुरले होते, आणि आता बूड टेकवत नव्हतं. टोकं उमटायला लागली. साहेबांनी हलकेच विचारलं, "किती म्हणता?"

मी टोकंच मोजत राहिले.

"अठरा," साहेब स्वतःच म्हणाले. मग पडदा बोटानं पुसून पुन्हा वाचलं. "अठरा. देवा रे. अठरा."

अश्लेषानं भिंतीला डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली. साहेबांनी फोन उचलला. मी खिडकीतून बघितलं, ओहोटी लागलेली होती. अर्ध्या तासानं धक्क्यावरचा कागद निघाला. वहिनी टोपली घेऊन सगळ्यांत पुढे उतरली, हे मला संध्याकाळी कळलं. मंदाचं बाळ कागद निघायच्या आधीच हललं होतं म्हणे.

पण तोवर सिंकपाशी एक गोष्ट झाली. सोमवारचा बीकर अजून तिथेच, न धुतलेला होता. अश्लेषानं डोळे पुसत तो उचलला, उजेडाकडे धरला आणि उलटा केला. मग रॅकवरचा दुसरा घेतला, त्याचा तळ बघितला. मग तिसऱ्याचा. मग टाकीच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल टेपेचा एक बीकर होता. दोन्ही तळ तिनं शेजारी शेजारी धरले. साहेब तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी ट सात हातात घेतला, अंगठ्यानं ते अक्षर चाचपलं, जपून खाली ठेवला आणि म्हणाले, "चहा सांगा कोणीतरी."

चहा आला. तिघांनी प्यायला. हवेबद्दल बोललो.

शनिवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर खुलाशाचा कागद होता. वर पाठवायचा. काय घडलं, का घडलं, कोण हजर होतं, अशा तीन रकान्यांचा. अश्लेषानं तो आधीच भरून आणला होता. साहेबांनी वाचला आणि मान हलवली.

"'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे खोड. टेप उष्णतेनं सुटली, इतकंच लिही. टेपचा दोष."

"टेप मीच आणली ना, सर. बीकर मीच उचलला. लिहिलेलं राहू द्या."

"तुझी नोकरी जाईल, मुली."

"गेली तर गेली. तीन दिवस त्या बायकांनी कसे काढले असतील? त्याचं कोणी तरी नाव द्यायला पाहिजे ना."

साहेबांनी कागद फिरवून माझ्यासमोर सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही. "शालनबाई, तुम्ही तिथे होता. तिसऱ्या रकान्यात नाव लिहा आणि सही करा."

चौदा वर्षांत माझं नाव लागणार होतं असा तो पहिला कागद.

"करा ना, बाई," अश्लेषा म्हणाली. पेनचं टोपण काढून पेन तिनंच माझ्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांत आरोप असता तर बरं झालं असतं. ती मला सोडवत होती. साहेब मला सोडवत होते. दोघंही खिडकीबाहेर बघत होते, तिथे खाडीत बायका कमरेत वाकून तिसऱ्या काढत होत्या.

मी नाव लिहिलं. शालन. आडनावापाशी हात थांबला. मी पेन खाली ठेवलं, खिशातून हिऱ्याची पेन्सिल काढली आणि साहेबांच्या कागदावर आडवी ठेवली.

"टेपचा दोष नाही, सर. हिचाही नाही. हिनं मला विचारलं होतं, हा आपलाच बीकर ना म्हणून. तळ माझ्या डोळ्यांसमोर होता. तो टाकीचा आहे हे मला ठाऊक होतं." अश्लेषा काही बोलायला गेली, मी हातानं तिला थांबवलं. "मी सांगितलं नाही. मला हिचा हेवा वाटत होता."